कपाटाची किल्ली कोणाकडे?

पत्र: "ताई, जय ख्रिस्त. मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. वय 41. एका खासगी शाळेत क्लार्क आहे, चार महिन्यांचा पगार थकला आहे. सहा वर्षांपासून आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. चर्चच्या छतासाठी 1 लाख 86 हजार रुपये जमलेत. त्यात कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे आहेत, पुण्या-मुंबईला गेलेल्या गाववाल्यांनी पाठवलेलेही आहेत. बँकेतलं खातं सह्या न बदलल्यामुळे अडकलंय, म्हणून रोकड माझ्या घरच्या लोखंडी कपाटात आहे. थोरल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. महिनाअखेरपर्यंत 45 हजार भरायचे आहेत. छताचं काम उन्हाळ्यात निघणार, हिशेब मार्चअखेर वाचणार. दोन-तीन महिन्यांसाठी वापरले तर कोणाला कळणारही नाही. परवा रात्री कपाट उघडलं, 45 हजार मोजून बाजूला काढले, अर्धा तास तसाच बसलो आणि परत ठेवले. (मागे एकदा दोन हजार घेतले होते, पण आठ दिवसांत ठेवून दिले.) तीन शुक्रवार उपास केला, तरी विचार जात नाही. देव माझी परीक्षा पाहतोय का? शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही असं वचन आहे, मग हे संपत का नाही? नुसता विचार येणं हेही पापच का? हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, घरातही नाही."

प्रिय भाऊ,

जय ख्रिस्त. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. मी पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या दोन हजारांपाशीच थांबले. त्यांच्याकडे येतेच, पण आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं बोलू.

नुसता विचार येणं हे पाप आहे का? नाही. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आपल्या प्रभूबद्दल म्हटलंय की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह समोर येऊन उभा राहिला तरी माणूस निष्पाप असू शकतो. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याला भूक लागली होती. भाकरीचा विचार सैतानाने सुचवला खरा, पण भूक येशूची स्वतःचीच होती. तुमच्या मुलीची फी हीसुद्धा खरी भूक आहे, तिची लाज वाटू देऊ नका. मुलीला नर्स करावं ही इच्छा कुठल्या अंगाने वाईट आहे? आपल्या कितीतरी घरांत पहिला नियमित पगार नर्सच्याच पांढऱ्या साडीतून आला.

पण विचार येणं आणि नोटा मोजून बाजूला काढणं ह्यांत अंतर आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नाहीतर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ही वाट पायरीपायरीने सांगितली आहे. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलवला जातो, मग वासना गर्भवती होते, मग पाप जन्माला येतं. तिथे 'भुलवणे' ह्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे तो आमिष लावण्याचा, मासेमारांचा. गळाला कोणी दगड लावत नाही, माशाला खरोखर आवडणारी वस्तूच लावतात. तुमच्या गळाला 45 हजार रुपये लावलेले नाहीत, मुलीचं भवितव्य लावलंय. म्हणून तर तुम्हाला ते चोरीसारखं वाटतच नाही, बापाचं कर्तव्य वाटतं.

आता 'देव माझी परीक्षा पाहतोय का?' ह्या प्रश्नात आपल्या भाषेनेही थोडा घोळ घातलेला आहे. ग्रीकमध्ये 'पेइरास्मोस' हा एकच शब्द कसोटीलाही चालतो आणि मोहालाही. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला दर वेळी एक निवडावा लागतो. याकोबाच्या त्याच अध्यायात आधी नाना प्रकारच्या परीक्षा आल्या तर आनंद माना असं आहे, आणि पुढे तेराव्या वचनात, देवाने मला मोहात घातलं असं कोणी म्हणू नये, असं बजावलंय. शब्दाचं कूळ एकच. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज 'आम्हास परीक्षेत आणू नको' म्हणतो, त्याचीही अडचण हीच. फ्रान्सच्या कॅथलिक मंडळीने 2017 च्या डिसेंबरात ती ओळ बदलून 'आम्हाला मोहात शिरू देऊ नको' अशा अर्थाची केली. देवच मोहात ढकलतो असं ऐकणाऱ्याला वाटू नये म्हणून. मला स्वतःला जुनी ओळच बरी वाटते. तिच्यात माणूस आपली कुवत ओळखून बोलतो. 'प्रभू, मला पारखू नकोस, मी टिकेन की नाही ह्याची मलाच खात्री नाही,' असं म्हणणारा माणूस दुबळा नसतो, शहाणा असतो.

तेव्हा एकाच प्रसंगाला दोन बाजू असू शकतात. मत्तय सांगतो की येशूला अरण्यात नेलं ते पवित्र आत्म्याने, आणि तिथे मोह घातला तो सैतानाने. पण तुमच्या बाबतीत मी थोडं रोखठोक बोलते. 1 लाख 86 हजार रुपये तुमच्या कपाटात देवाने नेऊन ठेवलेले नाहीत. ते तिथे आहेत कारण बँकेतल्या सह्या बदलायला कोणाला सवड झाली नाही. सहा वर्षं एकच माणूस खजिनदार राहतो, मंडळीची रोकड त्याच्या घरी पडून असते आणि ती कधी कोणी येऊन मोजत नाही. ह्याला आपल्याकडे 'त्यांच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे' असं म्हणायची पद्धत आहे. मी ह्याला आळस म्हणते. ह्या आळसात चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाचा जितका वाटा, तितकाच तुमचा. खातं अडकलं तेव्हा तुम्ही पाठपुरावा का केला नाही, ह्याचं उत्तर स्वतःपुरतं एकदा द्या. मला कळवायची गरज नाही.

आता उपास. तुम्ही तीन शुक्रवार उपास केला आणि किल्ली मात्र तुमच्याच कमरेला राहिली. एज्राच्या पुस्तकातला आठवा अध्याय आज रात्री काढून वाचा. एज्रा बाबेलहून यरुशलेमेला निघालाय, बरोबर मंदिरासाठी दिलेलं सोनं-रुपं आहे, साडेसहाशे किक्कार (हे त्या काळचं वजनाचं माप) तर नुसती चांदी. वाटेत लुटारू. राजाकडे घोडेस्वार मागायची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव आम्हाला सांभाळतो असं तो राजाला सांगून बसला होता. म्हणून अहवा नदीकाठी त्याने सगळ्यांना उपास करायला लावला. हे आपल्या उपदेशात नेहमी येतं. पण लगेच पुढे काय आहे, ते फारसं कोणी वाचून दाखवत नाही. उपास संपल्यावर त्याने बारा याजक निवडले आणि सगळं सोनं-रुपं त्यांना तोलून दिलं. यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी ते पुन्हा तोललं, मोजलं आणि वजन लिहून ठेवलं. ज्याचा देवावर इतका विश्वास की शिपाई नको म्हणाला, त्याला तराजू मात्र हवा होता. शिपाई लुटारूंसाठी असतात. तराजू आपल्याच माणसांसाठी असतो.

पौलाचंही तेच. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्याने करिंथ, मासेदोनिया इथून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती आणायला तीत ह्या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळीतले आणखी दोन भाऊ पाठवले. कारणही स्वतःच लिहिलंय: एवढ्या मोठ्या रकमेबाबत आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि जे चांगलं ते फक्त प्रभूसमोर नाही, माणसांसमोरही चांगलं दिसावं ह्याची काळजी घेतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. प्रेषित पौल एकटा पैसे हाताळत नव्हता आणि आपण सहा-सहा वर्षं हाताळतो. (खजिनदारांचं एक आवडतं वचनही आहे. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती देत त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. राजे दुसरे, अध्याय बारा. आमच्या एका जुन्या खजिनदारांना ते तोंडपाठ होतं. त्याच अध्यायात चार-पाच वचनं आधी, पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघं येऊन मोजत, हे मात्र त्यांना आठवत नसे.)

तुम्ही ज्या वचनाचा आधार घेतलाय, ते पहिल्या करिंथकरांचं दहा-तेरा, त्याकडे पुन्हा बघा. देव तुमची परीक्षा शक्तीपलीकडे होऊ देणार नाही, आणि परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करेल. मूळ ग्रीकमध्ये तिथला 'तुम्ही' आदरार्थी नाही, अनेकवचनी आहे. पौल एका माणसाला लिहीत नव्हता, करिंथच्या सगळ्या मंडळीला लिहीत होता. आपण ते वचन चौकटीत घालून भिंतीवर लावतो आणि एकट्याने खांदा लावून उभे राहतो. 'उपाय' म्हणून जो शब्द आलाय त्याचा मूळ अर्थ बाहेर पडायची वाट. त्यापुढचंच वाक्य काय आहे? 'पळा.' मूर्तिपूजेपासून दूर पळा. पोटीफराच्या घरात त्याच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफ वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. तुम्ही मात्र कपाटासमोर अर्धा तास बसलात. तो अर्धा तास तुम्हाला झुंज वाटली असेल. मला तर ती घासाघीस वाटते.

आणि आता ते दोन हजार.

मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीच्या काळात काही वर्षं मुलींच्या वसतिगृहाची मेस माझ्याकडे होती. महिन्याच्या 25 तारखेनंतर आमच्या घरची चहापत्ती संपायची आणि मेसच्या डब्यातून थोडी यायची. पगार झाला की मी नवा पुडा आणून मेसच्या डब्यात ओतत असे, घेतली त्याहून थोडी जास्तच. त्यामुळे मला कधी टोचलं नाही, उलट आपण प्रामाणिक आहोत असंच वाटायचं. एक दिवस स्वयंपाकीणबाई सहज म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरी पण आता आपलाच चहा असतो ना?" त्या रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांना वाटलं ती पद्धतच आहे, आणि म्हणून त्यांनीही साखर न्यायला सुरुवात केली होती. त्यांनी ती कधी परत आणून ओतली की नाही, हे विचारायचं तोंड मला उरलं नव्हतं.

सांगायचं हे की परत ठेवल्यामुळे घेतलेलं पुसलं जात नाही, आणि वर एक धोका वाढतो. तुमच्या दोन हजारांनी तुम्हाला शिकवलं की कपाट उघडतं, काही होत नाही, आणि आठ दिवसांत सगळं पूर्ववत होतं. तो धडा मनात पक्का बसलाय. म्हणून तीन शुक्रवारच्या उपासाने विचार जात नाही. त्याला घरात शिरायची वाट माहीत आहे. यहूदा इस्कर्योताकडे शिष्यांची पैशांची डबी होती आणि तो त्यातलं चोरत असे, असं योहान लिहितो. येशूला धरून देण्याच्या तीस रुपयांवर तो एका दिवसात आला असेल असं मला वाटत नाही. तुम्ही यहूदा आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही तर अजून पेत्रही झालेला नाही. चाळण सुरू झालीय एवढंच.

पेत्राचं नाव निघालं म्हणून. 'सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे,' असं प्रभू त्याला म्हणाला. तुमच्या गावाकडे गहू चाळताना बघितलेलाच असेल. चाळण हलते तेव्हा दाणा आणि खडा दोघांनाही सारखेच हेलकावे बसतात. 'चाळलं जाऊ नये' अशी प्रार्थना येशूने केली नाही. 'तुझा विश्वास ढळू नये' अशी केली, आणि वळलास की आपल्या भावांना स्थिर कर, असं सांगितलं. पेत्र त्या रात्री तीनदा घसरला, येशूला मी ओळखत नाही म्हणाला, हे आपल्याला कसं कळलं? चारही शुभवर्तमानांत लिहिलंय म्हणून. म्हणजे ती गोष्ट मंडळीत उघडपणे सांगितली जात होती. पहिल्या मंडळीने आपल्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याची फजिती झाकून ठेवली नाही. कंसातही घातली नाही.

मराठीत गंमत अशी की बायकोलाही मंडळी म्हणतात. तुम्ही ही गोष्ट दोन्ही मंडळ्यांपासून लपवली आहे. घरच्या मंडळीपासून सुरुवात करा, आज रात्रीच. त्यांना दोन हजारांचं सांगा, परवाच्या रात्रीचं सांगा. रडतील, चिडतील, पण अशा वेळी बायकांना बहुधा नवऱ्याला न सुचलेला एखादा मार्ग सुचतो, कारण भिशी कोणाची कधी लागते आणि कोणता दागिना किती वजनाचा आहे हे त्यांना माहीत असतं.

उद्या सकाळी पंचमंडळातल्या दोघांना घरी बोलवा. सगळी रक्कम त्यांच्यासमोर मोजा, कागदावर तिघांच्या सह्या घ्या, आणि तिघं मिळून पाळकसाहेबांकडे जा. बँक सह्या बदलून देईपर्यंत रोकड कुठे ठेवायची ते पंचमंडळ ठरवेल. पण जिथे राहील तिथे किल्ल्या दोन असाव्यात, दोन वेगळ्या घरांत. सह्या बदलायला ठराव लागेल, नव्या सहीदारांची कागदपत्रं लागतील. हे काम कंटाळवाणं आहे. तुमच्या प्रार्थनेचं उत्तर बहुधा ह्याच कंटाळवाण्या कामातून येणार आहे.

दोन हजारांबद्दल मात्र पाळकसाहेबांशी एकटे बोला. काही लोक म्हणतील, परत ठेवले ना, मग कशाला उकरता? मी म्हणेन उकरा. खजिनदारपद सोडा असं ते म्हणाले तर सोडा, आणि ते शिक्षा म्हणून घेऊ नका. ज्याला मधुमेह आहे त्याला मिठाईच्या दुकानात बसवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ठेवा म्हणाले तरी वर्षभराची मुदत मागून घ्या. सहा वर्षं हा कोणाही माणसावर अन्याय आहे.

आता फी. तुमच्या मनात एक पळवाट येईल, मला माहीत आहे, कारण ती माझ्याही मनात आली: चोरून नाही, मंडळीकडे उघड मागून त्याच निधीतून उसने घेऊ. नको. ते पैसे छतासाठी म्हणून लोकांनी दिले आहेत. लिलावात ज्या म्हातारीने दुप्पट बोली लावून कोंबडी घेतली, तिने ती छतासाठी घेतली. ज्याच्या हवाली पैसा केला त्यानेच तो स्वतःसाठी वापरला तर कायद्यातही तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 316, आणि 'परत ठेवणारच होतो' ही सबब तिथे फार पुढे जात नाही. मंडळीतल्या लोकांकडे वैयक्तिक मदत जरूर मागा, पण ती त्यांच्या खिशातून, छतातून नव्हे.

कॉलेजात जाऊन लेखी अर्ज करा, पगार थकल्याचं कारण लिहा आणि हप्ते मागा. अनेक ठिकाणी अर्धी रक्कम भरली की प्रवेश धरून ठेवतात. न मागणाऱ्याला मात्र कोणी स्वतःहून सांगत नाही. त्याच आठवड्यात बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार म्हणून सही करतात. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. आपण अल्पसंख्याकांत मोडतो, त्यामुळे राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही शैक्षणिक कर्जाची योजना आहे, व्याज कमी असतं. पण ह्या दोन्हींना वेळ लागतो. महिनाअखेर गाठायची तर सोनेतारण हा सरळ मार्ग. मंगळसूत्र किंवा पाटल्या गहाण ठेवायला कमीपणा वाटत असेल, तर तो कमीपणा आणि कपाटापुढचा अर्धा तास शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि तुमच्या शाळेने थकवलेला पगार लेखी मागा, सोबतच्या सहकाऱ्यांना घेऊन. तुम्ही मंडळीच्या पैशाबद्दल इतकं सोसलंत, पण स्वतःच्या हक्काच्या पैशाबद्दल पत्रात एक ओळ लिहून पुढे गेलात. हे मला खटकलं.

समजा हे सगळं करूनही 45 हजार जमले नाहीत, तर? तर मुलीचं एक वर्ष जाईल. मी ते गोड करून सांगणार नाही. तिला वाईट वाटेल, तुम्हाला जास्त. पण मग तिला कारण सांगता येईल, तोंडावर, डोळ्यांत बघून. दुसऱ्या मार्गाने भरलेल्या फीचं कारण तुम्हाला तिच्यापासून कायम लपवावं लागेल, आणि ती पुढे वॉर्डात रोज औषधांच्या कपाटाची किल्ली सांभाळणार आहे.

येत्या शुक्रवारी उपास करणार असाल तर जरूर करा, पण आधी बँकेत जाऊन या. आणि पाळकसाहेबांकडे गेलात की चहा यायच्या आत दोन हजारांचं बोलून टाका. आपल्याकडे चहा आला की विषय छतावर जातो.

तुमची,
ताई